एक हातरुमाल जागा

खोटं माप मला खपत नाही. स्वभावच तसा, आणि धंदाही तसाच. मी कपडे शिवते. कोट, पँट, स्कर्ट, गणवेश, जे येईल ते. गळ्यात कायम आईची टेप असते. आईही शिवायची. जाताना तिने भांडी धाकटीला दिली आणि कात्री अन् टेप मला. टेपवरचे पहिले आकडे केव्हाच पुसले गेलेत, टोकाची पितळी पट्टी झिजून पातळ झालीय, पण मला आकडे बघावेही लागत नाहीत. बोटांना कळतं.

धाकटी लांबच्या गावी असते. तिचे कपडे मीच शिवते. ती तिच्याकडच्या टेपने माप घेऊन फोनवर सांगते, मी शिवून पाठवते. पहिली पाच-सहा वर्षं तिची एकच रड असायची, ‘ताई, ढगळ झालं गं.’ मी म्हणायची, ‘तुला टेप धरता येत नाही त्याला मी काय करू? नाचता येईना अंगण वाकडं!’ कारण माझ्यासमोर उभं राहून माप देणाऱ्या एकाही गिऱ्हाइकाची अशी तक्रार नव्हती. मग चूक कोणाची, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. गेली पाच वर्षं मात्र तिचे कपडे अंगाबरोबर बसायला लागले. शिकली एकदाची, असं मी चारचौघांत सांगायची.

आता घराचं सांगते. आम्ही चौघं भाडेकरू एका दुमजली घरात राहतो. खाली स्वयंपाकघर, बाथरूम आणि ड्रायव्हरकाकांची खोली. ते शहर-बस चालवतात, त्यामुळे स्वयंपाकघरात चौघं जमलो की ‘पुढे सरका, पुढे जागा आहे’ म्हणतात. वर नर्सची खोली, गवंड्याची खोली आणि जिन्याच्या टोकाला माझी. नर्स आमच्यात सगळ्यात लहान. रात्रपाळी करून येते, दिवसा झोपते, मला मावशी म्हणते. गवंडी चाळिशीचा, अंगाने दांडगा, बोलायला महाग. कुठल्याही भिंतीजवळून गेला की बोटाने टकटक करून बघतो, डॉक्टर छाती ठोकून बघतात तसं. माझ्या खोलीला लागून एक कुलूपबंद कोठीची खोली आहे. तिच्यात मालकांचं सामान.

मालकांना आम्ही बघूशेठ म्हणतो. अर्थात तोंडावर नाही. माणूस वाईट नाही. शिवी देत नाहीत, आवाज चढवत नाहीत, कशाला नाही म्हणत नाहीत. फक्त ‘बघू’ म्हणतात. गीझर बंद आहे? बघू. जिन्याचा कठडा हलतोय? बघू. स्वयंपाकघराच्या छताला धूर झाला की वाजणारी घंटा होती, म्हणजे तिचा डबा होता. आतली बॅटरी बघूशेठच्या घरच्या भिंतीवरच्या घड्याळात असावी असा आमचा दाट संशय होता. अकरा वर्षं मी त्या घरात राहिले आणि अकरा वर्षं ते बघत राहिले.

मग एके दिवशी नर्सने दवाखान्यातून एक पत्रक आणलं. नगरपालिकेचं होतं. चार किंवा जास्त परकी माणसं एका स्वयंपाकघरात रांधत असतील, तर अशा घराच्या मालकाला परवाना काढावाच लागेल. परवान्याआधी तपासनीस येणार. गीझर, वायरिंग, धुराची घंटा, दारं, खोल्या, सगळं बघणार. आणि खाली ठळक अक्षरांत, तक्रार केली म्हणून कोणत्याही भाडेकरूला मालक घराबाहेर काढू शकणार नाही.

मी ते चहा गार होईपर्यंत वाचलं. मग उठले, कागद घेतला आणि अर्ज लिहिला. मालकाकडे परवाना नाही, गीझर नाही, घंटा नाही, कठडा हलतो. चौघांच्या सह्या. ड्रायव्हरकाका सही करताना जरा घुटमळले.

“ताई, भला माणूस आहे हो. उगाच कशाला?”

“भला आहे म्हणून तुम्ही अंघोळ गार पाण्याने करायची? सही करा. आणि एक सांगून ठेवते, तपासायला येतील तेव्हा कोणी वाढवून सांगायचं नाही आणि कोणी झाकायचं नाही. आहे ते आहे.”

हे शेवटचं वाक्य मी हातातल्या खडूने टेबलावर ठोकून म्हटलं होतं. पुढे मला ते फार महागात पडणार होतं.

चारच दिवसांत बघूशेठ हजर. हातात नोटीस, तोंड आंबट.

“ताई, एकदा मला सांगायचं होतंत.”

“अकरा वर्षं सांगतेय. तुम्ही काय म्हणायचात?”

स्वयंपाकघरातून ड्रायव्हरकाकाच ओरडले, “बघू!” आणि मग जीभ चावून नळ सोडून बसले.

पण नोटीस ही चीजच अशी आहे की ती आळशाला तरतरीत करते. पंधरा दिवसांत गीझर बदलला. कठडा पक्का झाला. स्वयंपाकघराला आग थोपवणारं जाड दार बसलं, ते लोटायला नर्सला दोन्ही हात लागतात. घंटेत बॅटरी आली. पहिल्या गरम पाण्याच्या दिवशी गवंडी पाऊण तास बाथरूममध्ये होता. अकरा वर्षांत कोणी ऐकला नव्हता तो त्याचा गाण्याचा आवाज त्या दिवशी आम्ही ऐकला, आणि तो चांगला निघाला. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरकाकांनी अंडी करपवली, घंटा अशी काही किंचाळली की झोपलेली नर्स धावत खाली आली, आणि आम्ही चौघांनी उभं राहून त्या घंटेला टाळ्या वाजवल्या.

मी म्हणजे हवेतच होते. रस्त्याने जाताना मान जरा वरच धरायची. भाजीवालीलासुद्धा भाडेकरूंचे हक्क समजावून सांगितले, ती म्हणाली, ‘बाई, आधी भाजी घ्या.’

रविवारी दुपारी बघूशेठ परवान्याचा फॉर्म घेऊन आले. प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी भरायची होती.

“तुमच्याकडे टेप आहेच,” ते म्हणाले. “तुम्हीच मापा. मी मापली तर तुम्ही पुन्हा मापणारच.”

खरं होतं ते. मी टेप काढली आणि घरभर फिरले. ड्रायव्हरकाकांची खोली ऐसपैस निघाली. नर्सची त्याहून मोठी. गवंड्याची मापताना तो मागे उभा राहून माझं काम बघत होता, म्हणाला, “ताई, तुमचा हात सरळ आहे.” त्याच्याकडून हे म्हणजे मोठंच सर्टिफिकेट. शेवटी माझी खोली. लांबीला टेप एकदा टाकली, दुसऱ्यांदा टाकली तर टेप संपायच्या आत भिंत आली. दोन मीटर शहाण्णव. रुंदी दोन मीटर सोळा. गुणाकार केला, सहा पूर्णांक एकोणचाळीस.

तेवढ्यात खाली टेबलाशी बसून पत्रकाचं मागचं पान वाचणारी नर्स मोठ्याने म्हणाली, “मावशी, हे ऐका. एका मोठ्या माणसाची झोपायची खोली साडेसहा चौरस मीटरपेक्षा लहान असता कामा नये. लहान असली तर ती झोपायला भाड्याने देता येणार नाही. वा! हे बरं आहे, नाही?”

मी पुन्हा मापलं. पुन्हा तेच. कपाट हलवून मापलं, पलंग उभा करून मापलं, श्वास रोखून मापलं. भिंतींना काही दयामाया नव्हती. किती कमी पडत होतं, तर एका हातरुमालाएवढं. खरंच, हातरुमाल जमिनीवर पसरून बघितला. तेवढ्या जागेसाठी माझी खोली खोली राहणार नव्हती.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मालक मला काढू शकत नव्हते, ते तर मीच सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. पण मीच बोलावलेला कायदा मला काढणार होता. त्या खोलीत माझं मशीन खिडकीशी आहे, डाव्या हाताने उजेड येतो. गिऱ्हाइकं दोन गल्ल्यांतली, त्यांना जिना चढून यायची सवय झालीय. आणि खाली ही तीन माणसं. पन्नाशीला आल्यावर दुसरीकडे जाऊन नवीन माणसांची नवीन खोड शिकायची? मी पलंगावर बसले आणि रडले. कोणी बघत नव्हतं म्हणून जरा नीटच रडले.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मी सांगून टाकलं. जाड दार लावून घेतलं होतं, म्हणजे बाहेर काही जायला नको.

“साडेसहा लिहा,” ड्रायव्हरकाका लगेच म्हणाले. “माझ्या बसवर पंचावन्न लिहिलंय, मी रोज नव्वद नेतो. कोण मोजतंय?”

“मोजायलाच तर येणार आहेत, काका.”

गवंडी उठला, वर गेला, आम्हाला टकटक ऐकू आली. खाली आला तो पडलेल्या चेहऱ्याने. “प्लास्टर असतं तर दोन्ही बाजूंनी दोन-दोन सेंटीमीटर तासून दिलं असतं. पण कोठीकडची भिंत भिंतच नाही. लाकडी फळी आहे, वर कागद चिकटवलाय. ती मागे सरकवता येते. पण पलीकडे मालकांची कोठी.”

म्हणजे गाडी आली बघूशेठवर.

नर्स म्हणाली, “मावशी माझ्या खोलीत येतील. दोन पलंग बसतात.”

“आणि माझं मशीन? तू सकाळी येऊन झोपतेस, मी दिवसभर खडखड करते.”

“त्याची सवय झालीय मला. तुम्ही मागे एका लग्नाला गेला होतात ना, चार दिवस मला झोप नव्हती.”

मी उठून उगाच टेबल पुसलं.

फॉर्म समोर होता. पेन हातात होतं. खोटं माप मला खपत नाही असं म्हणणारी मी, पण त्या दिवशी पेन ‘साडे’पर्यंत जायला निघालं होतं, हे कबूल केलं पाहिजे. तिघंही दुसरीकडे बघत होते. कोणी काही म्हणणार नव्हतं, आणि तेच वाईट होतं. आहे ते आहे, असं टेबलावर ठोकून म्हणणारी कोण होती? मी सहा पूर्णांक एकोणचाळीस लिहिलं आणि पेनचं टोपण असं लावलं की ते आजपर्यंत नीट निघत नाही.

सोमवारी बघूशेठ फॉर्म न्यायला आले. उभ्या उभ्या वाचला. माझ्या खोलीच्या आकड्यावर बोट थांबलं.

“ही खोली भरत नाही.”

“नाही भरत.”

“मग?”

“फळी मागे घेतलीत तर भरेल. तुमच्या कोठीत.”

ते फॉर्मची घडी घालत राहिले. चार घड्या घातल्या. मग म्हणाले, “बघू.”

ते गेल्यावर नर्सने पत्रक पुन्हा उघडलं आणि तिचा चेहराच उतरला. घरात चार माणसं असतील तरच परवाना लागतो. मी गेले की उरतात तीन. म्हणजे परवाना नको, तपासणी नको, काहीच नको. घंटेची बॅटरी पुन्हा घड्याळात गेली तरी विचारणारं कोणी नाही.

“हे त्यांना कळता कामा नये,” ड्रायव्हरकाका कुजबुजले.

“नोटिशीबरोबर त्यांनाही हेच पत्रक आलंय,” नर्स म्हणाली.

मंगळवार असाच गेला. बुधवारी दुपारी बघूशेठ हातगाडी घेऊन आले. कोठीचं कुलूप उघडलं आणि सामान काढायला लागले. मोडक्या खुर्च्या, पंखे, बरण्या, कसले कसले डबे. मी मशीनवर बसून फळीपलीकडची खुडबुड ऐकत होते. माझी खोली रिकामी झाली की ती आणि कोठी एक करायची, कुलूप मोठं लावायचं, असाच बेत दिसत होता. विचारायला मन धजेना. मी, जी भाजीवालीशी अर्धा तास वाद घालते, ती मी एका फळीला घाबरून गप्प बसले. दोऱ्याची रिळं एका खोक्यात भरायला घेतली. नर्स झोपेतून उठून आली, दारात उभी राहिली, मग मी भरलेली रिळं एकेक करून परत फडताळात मांडायला लागली. मी भरतेय, ती मांडतेय. शेवटी दोघींना हसू आलं आणि मी खोकं पलंगाखाली सारलं.

गुरुवारी अकराच्या ठोक्याला तपासनीसबाई आल्या. बाई बारीक चणीच्या, हातात वही, कमरेला चामडी पिशवी. ड्रायव्हरकाकांनी रजा काढली होती आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता. बाईंनी घंटेचं बटण दाबलं, घंटा किंचाळली. सवयीने आम्ही टाळ्या वाजवल्या, त्या दचकल्या. गीझर बघितला, कठडा गदागदा हलवून बघितला, जाड दार सोडून ते आपोआप बंद होतं का ते बघितलं. सगळं पास. मग जिना चढून आम्ही सगळे वर, बाई, बघूशेठ आणि चौघं. माझ्या दाराशी गर्दी झाली. “पुढे सरका,” ड्रायव्हरकाका हळूच म्हणाले.

बाईंनी पिशवीतून एक काळं यंत्र काढलं, साबणाच्या वडीएवढं. ते भिंतीला टेकवून बटण दाबलं की समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडतो आणि अंतर कळतं. त्यांनी ते भिंतीला टेकवलं.

“थांबा,” बघूशेठ म्हणाले.

बाई थांबल्या. आम्ही सगळेच थांबलो.

“ही खोली कमी भरते. ताईंनी फॉर्मात खरं लिहिलंय.” त्यांनी घसा खाकरला. “शेजारची कोठी मी काल रिकामी केली. तुम्ही म्हणाल तेवढी फळी मागे घेतो. लिहून घ्या. करतो.”

अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून ‘करतो’ हा शब्द पहिल्यांदाच आला होता. गवंड्याने तर भिंतीला हात टेकला.

“पण तीन माणसं राहिली असती तर तुम्हाला परवानाच लागला नसता,” मी म्हणून गेले. माझी जीभ, दुसरं काय! ड्रायव्हरकाकांनी डोळे मिटून घेतले.

“वाचलंय मी,” बघूशेठ म्हणाले. “सोमवारी रात्रीच वाचलं. दोन दिवस विचार केला. मग वाटलं, ताई गेल्या तर मी ‘बघू’ कोणाला म्हणू?”

म्हणजे त्यांना नावही ठाऊक होतं! माझे कान लाल झाले. नर्सला हसू आवरेना.

“झालं तुमचं?” बाई म्हणाल्या आणि त्यांनी बटण दाबलं. टुक. दुसऱ्या भिंतीकडे वळून पुन्हा टुक. यंत्राकडे बघितलं, माझ्या फॉर्मकडे बघितलं, पुन्हा यंत्राकडे. मग तिसऱ्यांदा मापलं.

“हे माप कोणी घेतलं?”

“मी,” मी म्हटलं.

“तीन मीटर दोन, आणि दोन मीटर वीस. सहा पूर्णांक चौसष्ट. खोली भरते. भरून उरते.” त्यांनी चष्मा वर केला. “इतकी वर्षं मी खोल्या मापतेय. सगळे वाढवून लिहितात. कमी लिहिणारं हे पहिलंच घर.”

“शक्य नाही,” मी म्हटलं. राहतं घर वाचलं होतं आणि मी भांडायला उभी! “तुमचं यंत्र बिघडलंय. मी तीनदा मापलंय.”

बाई भांडल्या नाहीत. पिशवीतून पोलादी टेप काढली, जमिनीवर सरळ अंथरली आणि हात पुढे केला. मी गळ्यातली टेप काढून दिली. त्यांनी दोन्ही टोकं जुळवली, बोटाने सपाट करत गेल्या. शेवटाला आम्ही सहाही जणं वाकलो. माझ्या टेपवर दीडशे होते. शेजारी पोलादावर एकशे त्रेपन्न.

“कापडी टेप आहे,” बाई सौम्यपणे म्हणाल्या. “वर्षानुवर्षं ओढून लांबते. लांबलेल्या टेपने खोली कमीच भरणार.”

“पण माझे कपडे सगळ्यांना बसतात!”

“याच टेपने अंग मापता, याच टेपने कापड. मग बसणारच.”

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. माझं मुसळ तर माझ्याच गळ्यात होतं! आधी नर्सने मला मिठी मारली, मग गवंड्याने दोघींना मिळून, आणि मग ड्रायव्हरकाका दारातून ओरडले, ‘मलाही आत घ्या, जागा आहे!’ मी हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. राहिले होते मी. माझी खिडकी, माझं मशीन, माझा डावीकडचा उजेड, आणि ही वेडी माणसं, सगळं राहिलं होतं.

या गोंधळात बघूशेठ बाईंना हळूच म्हणाले, “मग आता फळी राहू दे ना?”

“राहू दे,” बाई म्हणाल्या.

“फळी राहू दे,” मी डोळे पुसत म्हटलं, “पण रिकामी कोठी कुलपात कशाला? आम्हाला कपडे वाळत घालायला द्या.”

“बघू,” ते म्हणाले. सगळे त्यांच्याकडे वळले. तपासनीसबाईसुद्धा. “देतो, देतो,” ते म्हणाले आणि किल्ली काढून गवंड्याच्या हातावर ठेवली.

बाई निघाल्या तेव्हा मी त्यांना दारात गाठून एक शंका विचारून घेतली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “त्याला कसली बंदी?”

सगळे खाली चहाला गेले. मी वर राहिले. टेप पलंगावर पडली होती, पिवळी, मऊ, कडांना विरलेली. एकशे त्रेपन्न. शंभराला दोन. आणि मला एकदम धाकटी आठवली. तिचं माप तिच्या टेपचं आणि कापड माझ्या टेपचं. ढगळ झालं गं, ताई. पाच-सहा वर्षं ती खरं सांगत होती आणि मी तिला अंगण वाकडं म्हणत होते. पण मग गेली पाच वर्षं नीट कसं बसतंय? मी फोन लावला.

“हॅलो,” मी म्हटलं. “आईची टेप लांबलीय.”

धाकटी म्हणाली, “कोणी सांगितलं तुला?”

“म्हणजे तुला माहीत होतं?”

“पाच वर्षं झाली. तू इथे आली होतीस, दुपारी झोपली होतीस. टेप खुर्चीवर होती. मी माझी शेजारी ठेवून बघितली. तेव्हापासून तुला माप सांगताना शंभराला दोन कमी करून सांगते.”

मी पलंगावर बसले. पाच वर्षं मी जगाला सांगत होते, धाकटी शिकली एकदाची.

“आणि बोलली नाहीस, गधडे? मी तुला काय काय बोलले!”

“बोललीस. पण ताई, आईची टेप ती. तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी गळ्यातून काढून ठेवली असतीस. तुला खोटं माप खपत नाही ना.”

खरंच काढली असती. पेटीच्या तळाशी टाकली असती आणि पुन्हा हात लावला नसता. मी नाक ओढलं. खाली ड्रायव्हरकाका कोणाला तरी पुढे सरकवत होते.

“रडतेस काय?” धाकटीने विचारलं.

“छे. सर्दी झालीय. ऐक, पुढच्या महिन्यात इकडे ये. चांगली आठ दिवस ये.”

“आणि झोपू कुठे? तुझ्या त्या काड्यापेटीत?”

“काड्यापेटी नाही म्हणायचं, सरकारी परवाना मिळतोय तिला. एक हातरुमाल जागा जास्त निघालीय. पाहुणीला बंदी नाही, मी बाईंना विचारून घेतलंय.”

ती हसली. अगदी आईसारखी हसते, नाकातून. “मग नवीन कोट शिवशील? माप घेऊन ठेवू का?”

मी टेप उचलली आणि गळ्यात घातली.

“तू काही मापू नकोस,” मी म्हटलं. “इथे येऊन माझ्यासमोर उभी राहा. याच टेपने घेते.”